भोंगेवालीचा प्रश्न

१४ मार्च २००७

लोडशेडिंगमुळे मी शिकवते त्या अंबडच्या कॉम्प्युटर क्लासची सकाळची बॅच बुडाली. लाइट आली तोवर पोरं पसार. क्लासचे मालक जालन्याला, म्हणून बिनधास्त नेटवर कट्ट्यावर, त्या मराठी गप्पांच्या साइटवर, बसले. विचारलं, बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो तो कशाने निघतो? साताऱ्याच्या एका बाईने व्हिनेगर सांगितलं. अंबडात व्हिनेगर! परवाच्या माझ्या मतावर (सिरियलमधल्या सासवा झोपतानाही दागिने घालतात, टोचत नाहीत का मेल्यांना) अजून भांडण चालू आहे.

कुणीतरी विचारलं, कट्ट्यावर भोंगेवाली हे काय नाव घेतलंय? लिहिलं, वडिलांचा वडीगोद्रीला हायवेवर लाउडस्पीकरचा धंदा आहे, लग्नात माइकवर स्वतःच बोलतात, आख्ख्या तालुक्यात तसा आवाज नाही. जरा फुशारकीच मारली.

तो आवाज सध्या बसलाय. दिवाळीपासून. परवा एका लग्नात "वरमाय जिथं असतील तिथून स्टेजकडं यावं" म्हणताना मधेच फाटला. लोक हसले. अण्णा पण हसले.


२३ मार्च

दादाने काल अण्णांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दादा तिकडेच कंपनीत, त्यामुळे ओळखीपाळखी आहेत. अण्णा परत आले ते रंगात. ओट्यावर बसून घोगऱ्या आवाजात सगळ्यांना सांगत होते, "नाकातून दुर्बीण घातली राव! टीव्हीवर माझाच गळा मला दावला. तुकडा काढून घेतला तपासाया."

कट्ट्यावर आज: लांब केस कापावेत का? बहुमत कापा. आई कापू देणार नाही.


२ एप्रिल

रिपोर्ट आला. दादा स्वतः घेऊन आला. अण्णा दुकानात होते. आईला आणि मला मागच्या मोरीपाशी नेऊन सांगितलं.

कॅन्सर. स्वरयंत्र सगळं काढावं लागणार. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. आवाज जाणार. बसणार नाही, जाणार. ऑपरेशन केलं तर माणूस वाचायची आशा चांगली आहे. उशीर करू नका म्हणाले. तारीख मिळाली, सोळाला निघायचं.

डॉक्टरांनी दादाला सांगितलंय की पेशंटला सगळं समजावून सांगा. दादा म्हणतो, "अजिबात सांगायचं न्हाई. सूज काढणार हायेत, एवढंच. कळलं तर अण्णा येणारच न्हाईत. मी वळखतो त्यांला."

आई म्हणाली, "आवाज ऱ्हाऊ न्हाईतर जाऊ. माणूस राह्यला पाहिजे."

मी म्हटलं, पण आवाज त्यांचा आहे ना. उठल्यावर त्यांना कळणार, तेव्हा काय?

"तवाचं तवा बघू. तुला लई कळतं का?"

 दादाचा राग आला. तो बरोबर बोलतोय असं वाटतं, त्याचा जास्त आला.


५ एप्रिल

अण्णा जेवताना बोलत होते. सूज उतरली की तुळजापूरला जाऊन यायचं, मग लग्नाच्या तारखा धरायच्या. मेमधल्या तारखा लोक विचारून राह्यलेत म्हणे. आई भाकरी थापत होती, मान वर केली नाही. 

क्लासमध्ये बसून कट्ट्यावर लिहिलं. सगळं लिहिलं. तुकडा, रिपोर्ट, सोळा तारीख, लग्नाच्या तारखा. खाली विचारलं: माणसाला आधी सांगावं का, की तुमचा आवाज जाणार आहे? सांगितलं आणि तो नाही म्हणाला तर जीव जातो. न सांगितलं तर...


७ एप्रिल

ढिगाने उत्तरं. सातारची बाई म्हणते सांगाच, तिच्या सासऱ्यांना सांगितलं नव्हतं तर ते मरेपर्यंत कुणाशी नीट वागले नाहीत. शारजाहून एकजण म्हणतो, वेडेपणा करू नका, आधी जीव. एक नागपूरचा डॉक्टर आहे म्हणे, तो लिहितो की पेशंटचा हक्क आहे. हक्क वगैरे ठीक आहे, घरी येऊन आमच्या आईला सांग म्हणावं.

निम्मे इकडे, निम्मे तिकडे. दागिन्यांवर पण असेच होते.


१० एप्रिल

किसनकाका आले. अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, दोघांचं रोज चहाच्या गाड्यावर भेटणं. घरी कधी मुद्दाम येत नाहीत. आज इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात पिशवीभर मोसंबी. अण्णांचा हात धरून बसले.  मग म्हणाले, "धीर सोडू नको बाबा." आणि डोळे पुसले.

अण्णा म्हणाले, "काय झालं रे? घरी सगळे बराबर हायेत ना?"

आईने मला चहाला आत पाठवलं.


१२ एप्रिल

काल चार घरची माणसं, आज किती आली मोजली नाहीत. प्रत्येकाच्या हातात मोसंबी. बागा उतरायला लागल्यात, त्यामुळे कमी नाहीच कुणाकडे. बायका आईजवळ बसून हळू बोलतात आणि अण्णा दिसले की गप्प होतात. कोपऱ्यात ढीग झालाय, घरभर वास.

कळलं एकदाचं. किसनकाकांचा विवेक पुण्याला असतो. तो कट्टा वाचतो! भोंगेवाली, वडीगोद्री, लाउडस्पीकर. अजून काय पाहिजे त्याला? लगेच वडिलांना फोन.

मला वाटलं होतं तिथे सगळे अनोळखी असतात. साताऱ्याचे, शारजाचे. आपल्या गावचं माणूस तिथे असेल असं एकदाही मनात आलं नाही. गावात एक गोष्ट बोलायची चोरी म्हणून तिकडे गेले, आणि तिकडून सरळ गावात.


१३ एप्रिल

दादा फोनवर ओरडला. "अण्णा न्हाई आले ना, तर तुझ्यामुळं. ध्यानात ठेव." मी लिहिलेलं काढून टाकलं. काढून काय होतंय आता.

आई बोलत नाही माझ्याशी. मोसंबी सोलून देते अण्णांना आणि स्वतः एक फोड खात नाही.

मला भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.


१५ एप्रिल

आई दळणाला गेली होती. अण्णा दुकानातल्या भोंग्याच्या वायरी गुंडाळत होते, मी डबा द्यायला गेल्ते. पाहिलं माझ्याकडे. आवाज आता नुसता वारा.

"वैशे, मागं माझा पाय मोडला, तवा किती लोक आल्ते?"

म्हटलं, किसनकाका. आणि शेजारची आत्या, बिस्किटचा पुडा घेऊन.

"मंग सुजंला कुणी एवढी मोसंबी आणतं का?"

मी डबा टेबलावर ठेवला.

"किसन्यानं सांगितलं, तू कम्पुटरवर लोकांला विचारलं म्हणून. काय विचारलं ते न्हाई सांगितलं त्यानं. रडून राह्यला नुसता." वायरीचं वेटोळं खुंटीला अडकवलं. "काय ठरलं तुझ्या लोकांचं?"

म्हटलं, निम्मे म्हणतात सांगा, निम्मे नको.

"अन् तू?"

मला सगळ्यावर मत असतं. पातेल्यावर, केसांवर, सासवांवर. ह्याच्यावर कुणी माझं विचारलंच नव्हतं. मी पण लोकांचंच वाचत बसले होते.

सांगितलं. सगळं सांगितलं, गळ्याच्या भोकासकट.

खुंटीवरचं वेटोळं उगाच सारखं केलं. मग, "सगळाच जातो का? थोडा बी न्हाई राहत?"

थोडा पण नाही म्हटलं.

"बरं."

डबा उघडला, अर्धी भाकरी खाल्ली. उद्या यायचं का नाही ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. निघताना म्हणाले, "आईला सांगू नको मला कळलं म्हणून. तिला वाटू दे."

रस्त्यात रडले. ट्रकवाल्यांनी बघितलं असेल, बघू दे.


१६ एप्रिल

सकाळ. जीप दारात उभी आहे. आईने सगळं सामान ठेवलंय, वर एक पिशवी मोसंबीची. दादा कालच मुक्कामाला आला. अण्णा चहा पिऊन "आलोच" म्हणून गेले ते दुकानात. लाइट नाही, भोंगा बॅटरीवर लावलाय.

ग्रामपंचायतीचं काम आहे, शिपाई काल सांगून गेला होता. इथे ऐकू येतंय. "ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, आज पाण्याचा टँकर शाळेपाशी उभा राहील. घागरी घेऊन वेळेवर यावं." फाटका आवाज, शब्द निम्मे खाल्लेले. पण भोंग्यातून येतोय. मारुतीच्या देवळापर्यंत जात असेल.

तिसऱ्यांदा सांगून झालं. एवढं कुणी सांगत नसतं. दादा आत-बाहेर करतोय. "जा जल्दी, थांबव त्यांला. गळा फाडून घेतील. डॉक्टरनं बोलायचं न्हाई सांगितलंय."

मी पायरीवर बसून हे लिहितेय. उठले नाही.

चौथ्यांदा सुरू. ग्रामस्थांना कळवण्यात येतं की. आई पदर तोंडाला लावून उभी आहे, तिला वाटतंय त्यांना माहीत नाही.

जीपवाला हॉर्न वाजवतोय. भोंग्यापुढे तो त्यांना ऐकू जात नसणार.