अठरा टक्के वाढ

३ फेब्रुवारी
—आणि तरी ताई म्हणते, "डबे मोजण्यात कसली आलीये मजा!" तिला काय कळणार! पोर्टच्या आकडेवारी विभागात मला जेमतेम चार महिने झालेत आणि वर्षाचा चार्ट मी केलाय. मी! मागच्या वर्षी डब्यांची, म्हणजे कंटेनरची, चार लाख युनिट, यंदा चार लाख बहात्तर हजार. अठरा टक्के वाढ!! आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "हे बघून बोर्ड नवी क्रेन पास करणारच." नवी क्रेन म्हणजे एसी केबिन. बाबा एकवीस वर्षं त्या जुन्या क्रेनच्या केबिनमध्ये भाजतायत. नाचावंसं वाटतंय!

४ फेब्रुवारी
जेवताना बाबांना सांगितलं. खूश झाले. मग घास तसाच हातात.
"अठरा टक्के? पण मी तर शिफ्टला उचलतोय तेवढेच डबे."
"तुम्ही मोजता तरी का, बाबा?"
"अगं, दर डब्याला खाली वाकते ती माझी मान मोजते ना!"
आई हसून हसून बेजार. मी मात्र फुगून बसले.

५ फेब्रुवारी
दुपारी फाइल काढून तपासलं. बाप रे! वीस फुटी डबा म्हणजे एक युनिट, चाळीस फुटी म्हणजे दोन. यंदा एका नव्या कंपनीच्या बोटी लागल्या, त्यांचे बहुतेक डबे चाळीस फुटी. क्रेनला काय, दोन्ही सारखेच—उचला आणि ठेवा. मागच्या वर्षी तीन लाख डबे उचलले, यंदाही तीनच लाख! वाढ खरी आहे. पण लांब डब्यांना यार्डात जागा हवीये, क्रेन नकोय.
अजून कुणाच्या लक्षात नाही. मी गप्प बसले तर बाबांना क्रेन मिळते.
उद्या बोर्डाची मीटिंग.

६ फेब्रुवारी
बोलले! युनिट आणि डबे, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले. चेअरमन म्हणाले, "हे आजवर कुणी पाहिलं कसं नाही?" मॅडम पटकन, "हिने पाहिलं ना!" वाढीव यार्ड मंजूर. क्रेन बारगळली. घरी बाबांना सांगताना रडूच फुटलं.
"वेडाबाई, आधी जेवून घे," एवढंच म्हणाले. वर माझ्या ताटातली भाजीही पळवली!

९ फेब्रुवारी
कॅन्टीनमध्ये बाबांचे फोरमन भेटले. म्हणाले, नव्या क्रेनच्या ट्रेनिंगच्या यादीत पहिलं नाव बाबांचं होतं. पाच तारखेला सकाळी, ड्यूटीवर चढायच्या आधी, बाबांनी स्वतःच ते काढून घेतलं.
पाचला सकाळी! तेव्हा मी फाइलसुद्धा काढली नव्हती. मी शोधेन, आणि शोधून सांगेनही—एवढी खात्री होती त्यांना माझी? डायरीबाई, तुला काय वाटतं?