एकदाच उघडलेली दारं

सोमवार, ३ मार्च

मधली इतकी पानं कोरी गेली, त्याबद्दल माफ कर बाई वही. सगळं बरं चाललं होतं तोवर तुझी आठवण झाली नाही, हेच खरं कारण.

दारांचा घोळ महिनाभर चालूच आहे. आमच्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, बेटाचा गेम तयार होतो आहे. त्यात खेळणारा दार उघडतो, खेळ साठवतो, बंद करतो. परत आला की दार बंद! आमच्या टेस्टरला सगळे गोचीड म्हणतात, कारण एकदा चूक दिसली की तो सोडत नाही. आज माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, दिवेसुद्धा. लावलेले विझतात. चालतीफिरती माणसं मात्र सोडली तिथेच सापडतात!"

खेळ साठवायचा भाग धाकट्या नणंदेकडे आहे. म्हटलं, "तिला विचार."

बरोबरच होतं ना ते? भाग तिचा, प्रश्न तिला.

मंगळवार, ४ मार्च

रीतसर लिहून ठेवते, म्हणजे स्वतःलाच फसवणार नाही. नणंद नवऱ्यापासून वेगळी झाली आणि आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. मधली बरीच वर्षं तिनं नोकरी केली नव्हती. तिचं नाव ऑफिसात मीच सुचवलं. सहा महिने काम बघून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, ते आता संपत आले.

पहिल्याच दिवशी मी ठरवलं — ऑफिसात नातं नाही. वहिनीनं चिकटवली असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून तिचं काम मी इतरांपेक्षा बारीक तपासते. दुसऱ्या कुणाचं असतं तर हसत पुढे सोडलं असतं, असं कितीतरी मी तिच्याकडे परत पाठवलं आहे. आमचा प्रमुख — कॅप्टन म्हणतात त्याला — एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "तू तर तिची सासूच झालीस!" सगळे हसले. तीही हसली. मला त्यात शाबासकी ऐकू आली होती.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं. चूक तिची नाही. माझी आहे!

गेम सगळं जग सेकंदाला कित्येकदा नव्यानं मांडतो. अशी प्रत्येक मांडणी म्हणजे एक फेरी. एखादी वस्तू बदलली की इंजिन तिच्यावर "बदललं" अशी खूण करतं. चित्र काढणारा भाग, आवाजाचा भाग, साठवणारा भाग — सगळे ती खूण बघून कामाला लागतात. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी सगळ्या खुणा पुसून टाकणारी ओळ आहे. ती मी लिहिली.

चित्र प्रत्येक फेरीला काढलं जातं, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. पण साठवणारा भाग मधूनमधून जागा होतो. तो जागा होईपर्यंत दारावरची खूण मी पुसलेली असते. माणसं सारखी हलतात, त्यांच्यावर नवी खूण होत राहते, म्हणून ती बचावतात. जे एकदाच बदलतं आणि मग गप्प बसतं, तेवढंच हरवतं.

आणि मधूनमधून जागा होतो तो का? कारण "दर फेरीला नको, खेळ अडखळतो, बदल हे" असं तिला मीच बजावलं होतं. तिनं निमूट बदललं.

शेजारच्या रांगेत ती मान खाली घालून स्वतःचाच कोड उलटापालटा करत होती.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळच्या बैठकीत कॅप्टननं तिला झापलं. "किती दिवस एकाच दारात अडकून बसणार?" ती म्हणाली, "बघते." माझ्याकडे बघितलंही नाही.

मी बोलले नाही! आधी दुरुस्ती पक्की करू, मग सांगू, असं स्वतःला समजावलं. किती सोयीचं समजावणं. दुपारी दुरुस्ती केली. आता खूण करून पुसायचीच नाही. वस्तूवर ती कितव्या फेरीत बदलली तो आकडा लिहायचा. आपण शेवटचं कधी पाहिलं ते प्रत्येकानं आपापलं लक्षात ठेवायचं. ज्याला उशिरा जाग येते, त्याचंही काही हुकत नाही. सोपं होतं.

दुरुस्ती जमा करताना वर्णन काय लिहिलं? "किरकोळ साफसफाई." माझ्या हातांनी लिहिलं.

रविवार, ९ मार्च

जेवताना ह्यांनी सहज विचारलं, "काय गं, ही हल्ली जेवत का नाही नीट? ऑफिसात काही झालं का?"

ती चटकन म्हणाली, "नाही रे दादा. भूक नाही."

मी तिला भाजी वाढली.

सोमवार, १० मार्च

गोचिडानंच गाठलं. बैठकीत म्हणाला, "दारं शुक्रवारपासून बरी आहेत. कुणी केलं? आपोआप काही बरं होत नाही हो."

उठले आणि सांगितलं. ओळ माझी होती, दुरुस्ती माझी, गुरुवारीच कळलं होतं, शुक्रवारी गप्प बसले — सगळं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. बरंच होईल.

कॅप्टन हसला! "अगं, इतकं खोलातलं मूळ शोधलंस, आणि तोंड काय पाडतेस?" दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. नणंद पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होती.

नंतर कॅप्टनच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, तिच्यावरचा ठपका गेला ना आता? तो म्हणाला, "गेला. पण महिनाभर तिथेच डोकं खुपसून बसली होती, तिला का नाही सापडलं? तुला एका दिवसात सापडलं. नजरच नसेल तर कायम कशी करू? बुधवारी कळवतो."

मी म्हटलं, "तिला वेळ द्या." त्यावर म्हणाला, "आता वहिनी बोलते आहे."

मंगळवार, ११ मार्च

रात्रीची भांडी पुसताना तिची माफी मागितली. ती ताट पुसतच राहिली. मग म्हणाली, "मला सापडलं होतं, वहिनी. तुझ्या आधी आठवडाभर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी ओळ होती." ताट रॅकला लावलं. "आणि मी तुमच्या घरात राहते. कॅप्टनसमोर तुझी चूक दाखवायची आणि संध्याकाळी तुझ्याच किल्लीनं घरात यायचं? नाही जमलं. म्हटलं, तुलाच कधीतरी दिसेल."

ऑफिसात नातं नाही म्हणे!

उद्या : कॅप्टन यायच्या आधी केबिनबाहेर उभं राहणे. चूक आधी तिला सापडली हे सांगणे, आणि ती का बोलली नाही, तेही.