अप्पांचे चार बदाम

१७ एप्रिल १९४९, कर्जत
ठरलं. शैलाशी लग्न करायचं. तिला अजून सांगितलेलं नाय, ते शेवटी. आधी तिचे वडील, अप्पा वकील. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या पोराला ते दारात उभं करणार नाहीत. पण ब्रिजच्या टेबलाला बसवतील. पुढच्या महिन्यात माथेरानच्या हॉटेलात टूर्नामेंट. अप्पांचा भिडू मी. कप आणला की मुलगी कुठं जाते!

१९ एप्रिल
अप्पांचा जुना भिडू पोस्टमास्तर. त्याला म्हटलं, अप्पा म्हणतात तुम्ही पान टाकेपर्यंत टपाल पोचतं. अप्पांना म्हटलं, मास्तर म्हणतात तुम्ही फार ओरडता. दोघांचं बोलणं बंद. जागा रिकामी. खोटं त्यात फारसं नव्हतंच.

२४ एप्रिल
अप्पांना नवी युक्ती शिकवली. गेल्या सीझनला हॉटेलात काउंटरवर होतो, तेव्हा मुंबईच्या एका पाहुण्याकडून उचललेली. भिडू 'एक नो-ट्रंप', म्हंजे बिनहुकमाचा डाव, बोलला की आपण म्हणायचं 'दोन किलवर'. किलवर हातात असो नसो. तो प्रश्न आहे. बाबा रे, बदामाची नायतर इस्पिकची चार पानं आहेत का तुझ्याकडं? असली तर 'दोन बदाम' नायतर 'दोन इस्पिक'. नसली तर 'दोन चौकट'. त्याची चार, माझी चार, आठ पानांचा हुकूम. मग कोण हरवतंय!
अप्पा म्हणाले, म्हणजे चौकट म्हटलं की 'माझ्याकडे नाही'? चारचौघांत? तोंड कडू केलं. नवी विद्या पचायला वेळ लागतो.

१ मे
सराव. जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा अप्पा 'दोन बदाम'. काय नशीब आहे माणसाचं! पानं दाखवा म्हटलं तर गड्डीत मिसळून टाकली. म्हणाले, वकिलावर संशय घेतोस होय रे, गाढवा? गाढव म्हणाले. एकदम घरच्यासारखं वाटलं.

१३ मे, माथेरान
अप्पा नि शैला छोट्या गाडीनं आले. मी नेरळहून पायी. चालल्यानं डोकं हलकं होतं. खिसा आधीच होता.
पुण्याचा एक हेमचंद्र म्हणून इंजिनीयर उतरलाय, आईबापांसकट. अप्पांनीच बोलावलंय. हवा चांगली म्हणून असेल. तोही टूर्नामेंटला, बापाला भिडू घेऊन. मवाळ वाटतो. झोपवतो त्याला. जेवताना शैला हसली. मधे तो बसला होता, पण हसणं माझ्याकडंच होतं.

१४ मे, संध्याकाळ
शेवटचा डाव. समोर हेमचंद्र नि त्याचा बाप. अप्पा म्हणाले, एक नो-ट्रंप. माझा हात दणकट, बदामाची चार. मी ऐटीत, दोन किलवर. हेमचंद्रानं विचारलं, ही विचारणा ना? सालं, याला ठाऊक! अप्पांनी त्याच्या बापाकडं बघितलं, छाती काढली नि म्हणाले, दोन बदाम. मी थेट चार बदाम. हेमचंद्र म्हणाला, डबल. म्हंजे बुडालो तर दंड दुप्पट, जिंकलो तर कमाईही. मनात म्हटलं, मेलास.
बदाम आधी अप्पा बोलले, म्हणून खेळायचं त्यांनी. मी पानं मांडून शैलाकडं बघत बसलो.
अप्पांकडं बदाम दोन. दोनच! आमचे हुकूम सहा, त्यांचे सात. पार बुडालो.
बाहेर येऊन म्हटलं, अप्पा, 'दोन चौकट' का नाही म्हणालात? तर म्हणाले, मुलीच्या सासऱ्यापुढे 'माझ्याकडे नाही' म्हणू? अक्कल आहे का तुला?
सासरा म्हंजे कुठला, ते विचारायचं राहिलं.

१५ मे
चूक सापडली. युक्ती पक्कीच आहे, भिडू खानदानी निघाला. शैला हेमचंद्राबरोबर पॉइंट बघायला गेली. घोडेवाला सोबत आहे, काळजी नाय.

२७ मे, कर्जत
साखरपुडा झाला. त्यांचा. पेढा घेताना शेवटी अप्पांना सांगून टाकलं, मलाही शैला आवडत होती. अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, गजा, जावयाला तोंडावर गाढव म्हणता येतं का? नि गाढव म्हटल्याशिवाय मला ब्रिज जमत नाही. तू आपला भिडूच रहा. रविवारी तीनला ये.
म्हटलं, विचार करून सांगतो. आपल्यालाही मान आहे.

२९ मे, रविवार
दोनलाच गेलो. अप्पा झोपले होते. ओट्यावर बसून राहिलो.