हिरव्या बाटलीतले तेल

बदलापूर,
९ जानेवारी २०२४

ती. बाबांस सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

आईचा उजवा हात अजून उचलत नाही. शब्द मात्र एकेक करून परतू लागले आहेत. काल तिने देवदत्तकडे चहा मागितला आणि साखर कमी पडल्याची तक्रारही केली. म्हणजे सुधारणा आहे असे समजावे. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणून तिला इथे आणली, ते योग्यच झाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई वेळेवर येतात.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मराठी लिहिणे तुम्हाला भाषेचा अपमान वाटतो, म्हणून हा कागद. चुकांखाली लाल रेघा मारून परत पाठवू नये, ही विनंती.

प्रश्न केसांचा आहे. आजारपणात आईचे केस रुक्ष होऊन मागे गुंता बसू लागला आहे. तिच्या नेहमीच्या हिरव्या सुवासिक तेलाची इथली बाटली संपली. संपल्यावर मी लेबल वाचले : बहुतेक खनिज तेल, त्यात रंग आणि कृत्रिम सुगंध. शेजारच्या पायलने ऑरगॅनिक खोबरेल सुचवले आहे. तिच्या मते आपण जन्मभर डोक्याला पेट्रोलच चोळत आलो. आईला सांभाळायला येणाऱ्या द्रौपदीबाईंचे म्हणणे असे की तेल कुठलेही आणा, पण आधी केस मानेपर्यंत कापा, म्हणजे त्यांची नि आईची, दोघींचीही सुटका होईल. आईची कमरेखाली जाणारी वेणी कापायची, हे मला लिहवतही नाही.

तुम्ही रंगांच्या कारखान्यात आयुष्यभर प्रयोगशाळा सांभाळलीत. कोणते तेल घ्यावे ते तुम्हीच ठरवा. हिरवे चालेल म्हणत असाल, तर तुमच्याकडच्या फळीवरची बाटली पाठवा.

थंडी आहे; आमच्यावरचा लोभ खोबरेलासारखा थिजू देऊ नये.

तुमची
सुरुची


अंबरनाथ पश्चिम,
१३ जानेवारी २०२४

चि. सौ. सुरुचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

‘लिहवतही नाही’ हा प्रयोग निर्दोष आहे, अभिनंदन. उरलेल्या पत्राविषयी आज मौन पाळतो.

आधी संज्ञा स्पष्ट करू. रसायनशास्त्राच्या लेखी सगळीच तेले सेंद्रिय. तुझ्या पायलचे पेट्रोलसुद्धा. बाजारात मात्र ‘ऑरगॅनिक’ म्हणजे रासायनिक खते व फवारण्यांवाचून वाढवलेल्या नारळाचे. घाण्याचे असणे ही वेगळी गोष्ट. ती तेल काढण्याची रीत झाली. एकाच बाटलीत हे दोन्ही गुण असतीलच असे नाही, आणि विचारल्यावाचून दुकानदार ते सांगत नाही.

मी विचारायला गेलो. शेअर रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या चंदरच्या दुकानात. तुझ्या आईचे हिरवे तेल त्याचे वडील दुकानामागच्या खोलीत बनवत असत. चंदरने ते दिवाळीपासून बंद केले आहे. म्हणाला, साईं, अब कौन पूछता है, सबको ऑरगॅनिक चाहिए. आता त्याने लाकडी घाणा बसवला आहे. मी त्याच्या खोबरेलाचा थेंब तळहातावर चोळला, वास घेतला, बाटली रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी तेल एकसारखे थिजले होते. वर पातळ थर उरला नव्हता, म्हणजे भेसळ नाही. निकाल : सेंद्रिय. खोबरेल केसात मुरते. खनिज तेल नुसते वर बसून चमकते. देवदत्तरावांना सांग, येऊन बाटली घेऊन जावी.

फळीवरच्या हिरव्या बाटलीचा विषय काढलास. शास्त्रदृष्ट्या ती निरुपयोगी आहे. पाठवत नाही.

माझे बरे चालले आहे. दर रविवारी वेणी घातल्यावर तुझी आई हाताला उरलेले तेल माझ्या टकलावर पुसत असे. म्हणे, वाया कशाला घालवायचे. ओघळ चष्म्यापर्यंत येत. सध्या त्या जाचातून मुक्त आहे. चष्मा स्वच्छ असतो.

ती माझ्याविषयी काही विचारते का, हे सवडीने कळवावे. घाई नाही.

तुझा
बाबा


बदलापूर,
२४ जानेवारी २०२४

ती. बाबांस सुरुचीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र देवदत्तच्या हाती पाठवते आहे, कारण टपालाची वाट पाहण्याइतका वेळ नाही.

तुमचे सेंद्रिय तेल उत्तम आहे. पायलने वास घेऊन त्याला शंभर गुण दिले. आईने मात्र एकही दिला नाही. वाटी जवळ नेली की ती हुंगते, ओठ मिटते आणि भिंतीकडे तोंड फिरवते. डाव्या हाताने एकदा वाटीच उडवली. मी कोमट करून पाहिले, गोड बोलून पाहिले, शेवटी माझ्या लहानपणची तिचीच वाक्ये तिला ऐकवली : हलू नकोस, मान सरळ ठेव, परकराला डाग पडेल. ती हसली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मग फार कष्टाने एकच शब्द म्हणाली : हिरवं.

मागचा गुंता आता मुठीएवढा झाला आहे. कंगवा लावला की तिच्या डोळ्यांत पाणी येते. द्रौपदीबाई रविवारी कात्री आणणार आहेत. मी हो म्हटले आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असे झाले होते. देवदत्त खोबरेल न्यायला आला तेव्हा तुम्ही आत चहा करत होतात. हिरवी बाटली फळीवर नव्हती, म्हणाला. आईच्या उशीपाशी होती, झाकण काढलेली. आई आत्ताच उठून गेली असावी असा खोलीभर वास होता. बाबा, तसे असेल तर ठेवा ती बाटली. मी पुन्हा मागणार नाही. केस काय, वाढतात.

आणि हो, ती विचारते. रोज दुपारी दाराकडे बोट दाखवते. मुलीच्या घरी राहायचे नाही, जेवायचे नाही, हे तुमचे जुने व्रत मी तिला कसे समजावू? तुम्ही येता, खुर्चीच्या कडेला बसून पाणी पिता आणि निघता. तिची मान वळेपर्यंत तुम्ही जिन्यात असता.

रागावू नये. माया आहे म्हणूनच इतके लिहिले.

तुमची
सुरुची


अंबरनाथ पश्चिम,
२४ जानेवारी, सायंकाळ

चि. सुरुचीस आशीर्वाद.

देवदत्तराव दारात उभे आहेत, म्हणून थोडक्यात. द्रौपदीबाईंना कात्री आणू देऊ नये. रविवारी सकाळी मी येतो. बाटली आणतो. गरम पाण्याचे भांडे, स्टीलची वाटी, रुंद दातांचा कंगवा आणि एक बुटके स्टूल काढून ठेव.

जेवून जाईन. वरण आंबट असावे.

बाबा


अंबरनाथ पश्चिम,
३० जानेवारी २०२४

चि. सौ. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी आल्याबरोबर तुला अचानक कोथिंबीर आणायला जावे लागले आणि द्रौपदीबाईंनाही बरोबर न्यावे लागले. ओट्यावर मी कोथिंबिरीची भलीमोठी जुडी पाहिली होती. असो. तू नव्हतीस, म्हणून झाले ते कळवतो.

वाटीत तुझे सेंद्रिय खोबरेल गरम पाण्यावर पातळ केले आणि त्यात हिरव्याचे मोजके थेंब टाकले. दोन्ही तेले एकमेकांत चांगली मिसळतात. मुरायला एक, ओळख पटायला दुसरे. तुझ्या आईने वाटी हुंगली. मग तिने मान पुढे वाकवली.

गुंता सोडवायला फार वेळ लागला. मी याआधी तिच्या केसांना कधी हात लावला नव्हता, हे तेव्हा लक्षात आले. इतक्या वर्षांत फक्त पाहत आलो. शेवटची एक गाठ सुटेना, ती तिला विचारून कापली. वेणी मात्र राहिली. माझी वेणी तिरकी झाली, हे तिने आरशात पाहून ताबडतोब दाखवून दिले. शब्द सापडेना तर बोटाने.

नंतर तिने डावा हात वाटीत फिरवला आणि उरलेले तेल माझ्या डोक्यावर पुसले. काहीतरी म्हणालीही. मला ऐकू आले नाही, पण ओठ ओळखीचे होते. वाया कशाला घालवायचे.

वरण उत्तम होते. बाटली तिच्या उशाशी ठेवून आलो आहे. दर वेळी थोडेसेच घालावे. चंदर आता ते बनवणार नाही. दर रविवारी मी येईन. दोन रविवारांमधले दिवस इथे जरा मोठे असतात, एवढेच.

तुम्हा तिघांवर माझा जीव आहे. तो पत्रात मावत नाही, असे समजावे.

तुझा
बाबा

ता. क. माझ्या उशीच्या अभ्र्यावर तेलाचा मोठा डाग पडला आहे. काल धुणे करणाऱ्या बाई अभ्रा धुवायला मागत होत्या, बहुधा. मला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक आहेच.