रुंदीकरण

आप्पा,

काल वर्गात तुमची आठवण आली आणि मी फळ्याकडे तोंड करून उगाचच खडू शोधत राहिले. मी आता अकरावीला भूगोल शिकवते. विषय होता देशांचा विकास आणि रस्त्यावर मरणारी पायी चालणारी माणसं. श्रीमंत देशांत असे मृत्यू बरीच वर्षं कमी होत गेले, गरीब आणि मधल्या देशांत जास्त माणसं मरतात, इथवर सोपं होतं. पण काही श्रीमंत देशांत ते पुन्हा वाढू लागलेत. आणि जिथं कमी झाले, तिथं रस्ते सुधारले म्हणून की लोकांनी चालणंच सोडलं म्हणून, हे मलाच धड सांगता येईना. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण मधी हाय न्हवं? मग पुढं गेलो की कमी हुतील की!" मी "तसंच काहीसं" म्हणून वेळ मारून नेली. तिचं खरं असेल, तर मधल्या मधे गेलेल्यांचं काय, हे तिला विचारायचं राहिलं.

शाहूपुरीतल्या आपल्या शेतीपंपांच्या दुकानापुढं रुंदीकरणाची लाल खूण आली, तेव्हा बाकीचे दुकानदार कोर्टाच्या गोष्टी करत होते. तुम्ही स्वतः पहार घेऊन कट्टा फोडायला निघालात. मला अजून दिसतं, तुम्ही घामाघूम आणि आई कपाळाला हात लावून उभी. "अहो, बसायची जागा तोडताय!" ती म्हणते. तुम्ही हसता. "अगं, गडहिंग्लजचं गिऱ्हाईक थेट दारात गाडी लावंल की. गाव काय असंच ऱ्हायचं व्हय?" त्या दिवशी तुम्ही सगळ्या ओळीला पेढे वाटलेत. मला तुमचा फार अभिमान वाटला होता, आणि गंमत म्हणजे अजून वाटतो.

रस्ता छान झाला. गिऱ्हाईकही वाढलं. तुम्ही मात्र समोर चहाला पूर्वीसारखेच जात राहिलात, एक हात वर करून, सावकाश, येणारा जाणारा जणू ओळखीचाच. पूर्वी असायचाही. एका सकाळी मोटारसायकलनं तुम्हाला उडवलं. ती चालवणारा पोरगा दवाखान्यात आमच्यासमोर हमसून रडत होता. "काकांनी हात केला ओ, मी बघितला. गाडीच थांबंना." त्याच्यावर राग धरायचा म्हटलं, जमलं नाही. तुमच्यावर तर नाहीच. आईनं तो राग रस्त्यावर धरला. ती त्यानंतर शाहूपुरीत गेलेली नाही.

आता आपल्या घरापुढचा रस्ता रुंद करायचाय. सगळे तयार आहेत, आपलं कंपाउंड तेवढं राहिलंय, आणि घर माझ्या नावावर. शेजारचे काका परवा चहा पिताना म्हणाले, "तुझ्या आप्पानं पैली पहार हाणली असती. तू का अडून बसलीयास?"

आतून आई कडाडली, "व्हय, आणि कुठं हाईत ते आता?"

काकांनी कप खाली ठेवला. मी विचारलं, कडेनं चालायला फूटपाथ होणार का? "व्हईल की," ते म्हणाले, "आणि त्येच्यावर लोक गाड्या लावतील." निदान खोटं तरी बोलले नाहीत. आईला रोज त्याच रस्त्यानं देवळात जायचंय. 'हो' म्हटलं तर तिला जपायचं कसं, आणि 'नाही' म्हटलं तर मी तुमची लेक कसली? "आईला विचारून सांगते," म्हणाले. खरं तर आईचं उत्तर मी नुकतंच ऐकलं होतं.

हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही, लिहून झालं की फाडून टाकीन. कारण हे फक्त तुम्हालाच सांगता येतं. कॉलेजला जाताना मी रोज तुमच्या त्या रस्त्यावरून गाडी नेते. घरापासून तिथवर अरुंद रस्त्यांच्या गर्दीत जीव नुसता मेटाकुटीला येतो, आणि तिथं पोचलं की एकदम मोकळं वाटतं, पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जोर देतो. मला तो रस्ता आवडतो, आप्पा.