आतून लावलेली कडी

प्रिय साळुंके,

तुझा नवरा माझ्या बाहेरच्या खोलीत बसला आहे. गाडी फाटकाशी उभी आहे. काचेच्या टेबलावर ठेवलेला त्याचा फोन तू घटकेघटकेला वाजवते आहेस, आणि तो थरथरत सरकायला लागला की माझे दात आंबतात. मागच्या खोलीत तुझी लेक आहे. गाडीचा आवाज आला तशी ती उठली आणि तिनं आतून कडी लावून घेतली. दोघांच्या मधे, जेवणाच्या टेबलाशी बसून मी हे लिहिते आहे. संध्याकाळच्या आत मुलीला आणून सोडलंत तरच परत घेऊ, असं फोन सोडवायच्या त्या शिबिरातल्या ताईंनी बजावलं आहे म्हणे. म्हणजे वेळ थोडा आहे आणि मला सगळं नीट सांगायचं आहे. फोनवर ते जमत नाही, कारण फोनवर तूच बोलतेस.

आधी तुझी बाजू मांडते, म्हणजे आजी नातीला लाडावते असं म्हणायला तुला जागा नको. पोरगी पांघरुणात फोन घेऊन जागते. जेवताना मान वर करत नाही. मार्क घसरले. हाक मारली तर तिसऱ्यांदा ऐकू जातं. सगळं मान्य. फोन तिच्या हातून सुटायला हवा हेही मान्य. मला त्या डबड्याचं काडीचं कौतुक नाही. पण तो सुटावा म्हणून तू तिला कुठे धाडलंस? सुट्टीचा अख्खा महिना एका मोठ्या हॉलमधे, अनोळखी पोरांच्या गर्दीत, जिथे सकाळी शिट्टी वाजली की सगळ्यांनी गोल करून एकमेकांना मिठ्या मारायच्या आणि दिवसभर ‘मन मोकळं’ करायचं! फिरायला जायचं तर जोडीनं, जेवायचं तर नवा मित्र शेजारी घेऊन. एकटं बसलेलं दिसलं की ताई हजर, ‘काय गं, रुसलीस का?’ अगं, माणसांनी दमलेल्या पोरीला तू आणखी माणसं पाजलीस. हे तुझ्यासारखीला मानवेल. तू पाळण्यात असल्यापासून बडबडत होतीस, उगाच नाही तुला साळुंकी म्हणत. ही तुझ्या पोटी आली असली तरी माझ्या वळणावर गेली आहे.

तिनं ते शिबिर का सोडलं ते तू एकदाही विचारलं नाहीस. ‘पळून आली’ एवढंच चारचौघांत सांगत सुटलीस. तर ऐक. ती बोलत नाही म्हणून ताईंनी तिला गोलाच्या मधोमध उभं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, हिच्याबद्दल मनात येईल ते प्रेमानं सांगा. पोरं काय, मोकाट सुटली. कुणी म्हणालं, भाव खाते. कुणी म्हणालं, घुमी आहे. एकानं तर विचारलं, हिला घरी तरी कुणी बोलवतं का? आणि ताई टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी एक फोन करायचा आहे असं सांगून तिनं ऑफिसातून आपला फोन मागून घेतला आणि मला विचारलं, ‘आजी, येऊ का?’ बस. मी तिला स्टँडवर उतरवून घेतलं आणि घरी पोचताच तुला कळवलं. त्यावर तू इतकी ओरडलीस की मी फोन ठेवला. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

घुमी मलाही म्हणत असत. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिवणाच्या तासाला अक्षर बोलू द्यायच्या नाहीत. बाकीच्या मुलींना ती शिक्षा वाटायची. मला तो आठवड्यातला एकमेव सुखाचा तास. आणि नोकरी मिळाली ती कुठे, तर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर! डोक्याला हेडफोन, कानात अख्ख्या गावाची रडारड. पण त्या बोर्डाची एक रीत होती. पाळी बदलताना कुणी कुणाच्या डोक्यावरून हेडफोन ओढून घेत नसे. येणारी बाई शेजारी स्टूल ओढायची, आपला हेडफोन जोडायची आणि थोडा वेळ नुसती ऐकत राहायची. कोण रडतंय, कुणाला डॉक्टर हवाय, कुणाची लाइन तोडायची नाही, हे तिला उमगलं की पहिली उठायची. तू मात्र तुझ्या पोरीचा फोन हिसकावलास. पलीकडे कोण आहे ते न ऐकताच.

मी शेजारी स्टूल ओढलं. पलीकडे, साळुंके, दोनच गोष्टी होत्या. एक, तिच्या वर्गाचा तो ग्रुप, अख्खा वर्ग आणि वर दुसऱ्या तुकडीतले उपटसुंभ, दिवसभर टिवटिव, आणि अर्धी टिवटिव हिची टर उडवण्यात. दुसरी, गाव सोडून गेलेली तिची एक मैत्रीण. तुझ्या शिबिरानं ती मैत्रीण तोडली आणि वर्ग तेवढा वाढवून दिला. गेले दहा-बारा दिवस आम्ही इथे उलट केलं. ग्रुपची घंटा बंद केली. न्याहारी झाली की एकदा बघायचा, अभ्यासाचं असेल ते घ्यायचं, बाकीच्याला उत्तर देणं लागत नाही. मैत्रिणीला दुपारी निवांत लिहायचं. जेवणं झाली की फोन स्वयंपाकघरातल्या डब्यात. माझासुद्धा, कारण मी त्यावर पत्ते खेळते आणि हरले की जिंकेपर्यंत झोपत नाही, हे तिनं मला तोंडावर सुनावलं. उठायला गजराचं घड्याळ आणलं. आणि मोकळा झालेला वेळ मी कशानंही भरला नाही. तेच खरं अवघड होतं. पहिल्यांदा तिचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा, ती या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायची, माझ्यावर एकदा चिडलीसुद्धा. मी जिभेला आवर घातला, तुझ्या आईनं, विचार कर! मग तिनं माझा बंद पडलेला टेबलफॅन वर्तमानपत्रावर सुटा करून मांडला. तळ्यापर्यंत एकटी फिरून यायला लागली. परवा भाजी निवडताना आपणहून बोलली, इतकं बोलली की शेंगा निवडून संपल्या तरी मी उठले नाही.

आता बाहेर फोन पुन्हा थरथरतो आहे. मी लिहायला बसण्याआधी तुझा नवरा तिच्या दाराशी दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा ‘बाबा आहे, उघड’ म्हणाला, दुसऱ्यांदा ‘आई काळजीत आहे गं’. कडी निघाली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्ही सांगितलंत तर उघडेल. मी म्हटलं, जावईबापू, माझ्या एका शब्दावर ती उघडेल हे मला ठाऊक आहे, म्हणूनच तो शब्द मी खर्च करणार नाही. बिचारा चडफडत खुर्चीवर बसला. त्याला तुझी भीती वाटते. मलाही थोडी वाटते, पण ते असो.

हे पत्र का, ते आता सांगते. कागद पुढे ओढण्याआधी मी तुला फोनच करणार होते. तुझ्या आईला लावते फोन आणि काढते चांगली खरडपट्टी, असं मी दाराशी जाऊन मोठ्यानं म्हणाले. मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला. ‘फोन नको करूस, आजी. तिला लिही. समोर बोलायला लागलं की आई घाईत असते. लिहिलेलं ती वाचते.’ आणि पुढे, ‘पांघरुणात मी तिलाच लिहीत होते. वर्गातलं सगळं. लिहायचे आणि पुसायचे. पाठवायचं धाडस नाही झालं.’ तुझ्या नवऱ्यानंही ते ऐकलं. तो म्हणाला, ‘लिहा तुम्ही, मी थांबतो.’ तेव्हा तो मुलीला नाही, हे पाकीट घेऊन येतो आहे. त्याच्यावर ओरडू नकोस. माझ्यावर ओरड, पण नंतर. आधी बस आणि उत्तर लिही, मला नव्हे, तिला. शिबिराचं काय करायचं ते तिलाच विचार. लांबण लावू नकोस, उपदेश नको, मार्कांचा विषय तर मुळीच नको. आणि लिहिता लिहिता काही पुसावंसं वाटलं, तर पुसू नकोस. तसंच पाठव.

तुझीच,
आई