रिकामी किटली

प्रिय शकीलाभाभी,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस लिहिलं नाही, पण परवा आपल्या वस्तीत तुमच्या नावानं जो कार्यक्रम झाला, तो बघून मला किळस आली. हे सांगणार तरी कुणाला? तुम्हीच ऐका.

मंडळानं तालमीसमोर बायकांसाठी व्यायामाची यंत्रं बसवली. वर फ्लेक्स, त्यावर तुमचा फोटो. तुम्ही जन्मात कधी एकट्या फोटोला उभ्या राहिल्या नाहीत, म्हणून कुठल्याशा लग्नातला शोधला आणि शेजारची नणंद कापून टाकली. अध्यक्ष बोलले, "आया-बहिणींनी शुगरपास्नं सावध ऱ्हायला पायजे." मग नाश्ता. दोन वडे, चार जिलेब्या आणि रंगीत पाण्याची थंडगार बाटली. शुगरनं गेलेल्या बाईच्या फोटोखाली जिलेबीची कढई, भाभी! यांना काहीच कसं वाटलं नाही?

लपवत नाही, मीही दोन खाल्ल्या. एवढंच नाही, आपल्याबरोबर चालणाऱ्या आनंदीकाकूंना शुगर आहे हे माहीत असून त्यांच्या हातात प्लेट मीच दिली. घरी येऊन तीनदा चूळ भरली. स्वतःचीच शिसारी आली होती, ती चूळ भरून कशी जाणार?

आणि जागा बघा कुठली निवडली. तालमीसमोरून बाई खालमानेनं, पावलं उचलत जाते, तिथं थांबत नाही. हे दिवसभर कट्ट्यावर बसणाऱ्या याच माणसांना माहीत नव्हतं? काल सकाळी मुद्दाम बघायला गेले. बायकांच्या यंत्रांवर पैलवानांचे लंगोट वाळत होते.

तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मला हसू येत नाही.

आपला पहिला दिवस आठवतो का? मी म्हटलं होतं, बाई पाण्याला जाते, दळणाला जाते, रानात जाते. नुसती चालायला कोण जाते? तुम्ही आतून किटली आणून माझ्या हातात दिलीत. "ही धर. दुधाला चाललीया म्हनायचं. कोन इचारतंय?" मग काय, सात बायका, सात रिकाम्या किटल्या, कॅनॉलच्या रस्त्यानं पुलापर्यंत.

पण खोटं खरं करायला येताना दूध आणावं लागायचं. दूध आलं की चहा, चहा आला की साखर. आठवड्यानं तुमच्या ध्यानात आलं आणि तुम्ही कपाळाला हात लावलात. "आगं बयांनो, चाललेलं समदं कपात घातलंसा की! उद्यापास्नं ताक करायचं." तेव्हापासून परतताना तुमच्या ओट्यावर मोडाची मटकी, वर चिरलेला कांदा, प्रत्येकीच्या तळहातावर एक मूठ. घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या आम्ही, त्या ओट्यावर मात्र पहिल्यांदा खायचो.

एका गोष्टीचा अजून राग आहे. तुम्ही लंगडायला लागलात तेव्हा मी विचारलं होतं. "काटा घुसलाय," म्हणालात. पायमोज्यात चिघळलेली जखम झाकून तीन आठवडे चाललात. कशासाठी? तुम्ही थांबलात तर आम्ही थांबू म्हणून? आणि मी तरी कशी, त्या काट्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले. मोजा काढायला लावायला हवा होता.

तुमची भीती खरी निघाली. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात सातही किटल्या खुंटीला लागल्या. त्या कार्यक्रमाची किळस येते, ती यासाठीसुद्धा. आम्ही चालत राहिलो असतो तर तुमच्या नावानं जिलेबी तळायची कुणाची छाती झाली असती?

आज दुपारी आनंदीकाकूंकडे गेले. प्लेट दिल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पाय लय बधिर पडल्यात गं. सकाळी जाऊया का पुलापतूर? किटली कंची घिऊ, ल्हान का मोठी?"

मी म्हटलं, "कुठलीच नको."

भाभी, तुम्हाला शब्द देते. उद्या सहाला मी रिकाम्या हातानं निघणार. मामंजी दारातच बसलेले असतात, ते विचारतील, "कुठं निघालीस?" मी थांबेन, त्यांच्याकडे बघेन आणि सांगेन, "चालायला."

तुमची,
सुरेखा